शेजारणीचं गप्प राहणं

साठच्या दशकातला उन्हाळा. माझी मुलगी चार महिन्यांची असताना बायकोला टायफॉइड झाला आणि तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. दुधाच्या पावडरीचा चमचा मी सुरीने सपाट करून मोजायचो, बाटली उकळायचो, घड्याळ बघून पाजायचो. मुलगी सगळं ओकून टाकायची. पुढे तिचं रडणंही बारीक झालं.

महाल नावाच्या जुन्या वस्तीत आमच्या खोलीला लागून एका विणकराची खोली होती, मधे एकच भिंत. त्याच्या बायकोचंही मूल अंगावर पीत होतं. ती न विचारता आत आली.

"द्या इकडे, भाऊजी. मोजतच बसान तर पोरगी हातची जाईन," म्हणाली आणि तिला पदराखाली घेतलं.

मुलगी जगली. मला आनंद झाला. पण मी उचललं की ती अंग ताठ करायची आणि त्या बाईचा आवाज आला की भिंतीकडे मान वळवायची, हे मला सोसत नसे. आवाजही खणखणीत, नवऱ्याला रागावली की गल्लीला कळे. जागरणं मी करायची आणि ओळखायचं हिला!

बायको घरी आली तोवर मुलगी वाटीचमच्याने गाईचं दूध पचवू लागली होती. पण आईकडे जाईना. पलीकडून आवाज आला की हमसून रडे. बायकोही रडे.

मग एकाएकी तो आवाज बंद झाला. मागाची खटखट चालू, बाई गप्प.

"रागावली वाटतं," बायको म्हणाली. मला बरंच वाटलं.

नळावर विणकराला विचारलं, "वहिनी काहून बोलत नाहीत?"

"पोरगी आवाज वळखते ना गा. मायकडे जाऊ दे म्हणते. मलेही खुणेनंच रागावून राहिली," तो हसला. "तेवढाच जिवाले आराम!"

हळूहळू मुलगी आईच्या कुशीत झोपू लागली. मग एका सकाळी भिंतीपलीकडून आलं, "दिसून नाही राहिलं का तुमाले? धागा तुटला ना!"

मुलीने भिंतीकडे पाहिलं आणि आईचा पदर घट्ट धरला.

दूध पाजणं माझ्या हातात नव्हतं, त्यात मी हरलो असं मानत नाही. गप्प राहणं मात्र कुणालाही जमण्यासारखं होतं. मुलगी आपल्याकडे वळते हे सुख मी स्वतःहून सोडलं असतं, असं मला वाटत नाही. त्या बाईचा मला आजही हेवा वाटतो.