माझ्या सायकलचं पुढचं चाक

आमच्या कॉलेजच्या जिमखान्यात डोंगरात चालवायच्या गिअरच्या सायकली दोन होत्या, एक मोठी आणि एक लहान. माझी उंची बघून कोणीही मला लहान दिली असती. कॅप्टनने मोठी दिली.

"ही तुझी," तो म्हणाला. "रेस होईपर्यंत घरी ने, हवी तर."

मी सीटवर बसलो तर पायाचे फक्त चवडे जमिनीला टेकत होते. लहान सायकल शेजारीच भिंतीला लावलेली होती. तिच्याकडे बोट दाखवून मी विचारलं, "ती चालेल का मला?" मी विचारलं म्हणजे पुटपुटलो. मला कोणाकडे काही मागताना आवाज निघत नाही.

"नको. हीच चालव. सवय होईल."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे तिथल्या बऱ्याच गोष्टी अशाच असतात असं मी धरून चालायचो. कॅप्टन तिसऱ्या वर्षाला, मुलुंडचा. त्याची स्वतःची सायकल होती. टीम तिघांची. दुसरी एक मुलगी, बोरिवलीची, तिचीही स्वतःची सायकल, लहान चाकांची. तिसरी जागा रिकामी झाली तेव्हा नोटीस लागली आणि मी गेलो. निवडीच्या दिवशी कॉलेजच्या मागच्या मैदानावर आम्ही दोघंच आलो होतो. दुसरा मुलगा माझ्या बराच पुढे आला. सायकलही त्याची स्वतःची होती, झकास. कॅप्टनने ती सायकल नीट बघितली, चाकाला हात लावला आणि म्हणाला, "नाही जमणार." मग मला विचारलं, "तुझी कुठली?"

"माझी नाहीये. भाड्याची चालवतो. तासावर."

"मग तू ये उद्यापासून."

मला आनंद झाला. गरज बघून घेतलं असेल, असं मला वाटलं. घाटकोपरला आम्ही डोंगरावरच्या वस्तीत राहतो. शेवटचा टप्पा पायऱ्यांचा आहे, तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पहिल्या दिवशी ती मोठी सायकल दारात टेकवली तेव्हा आई पीठ मळत होती. ती मालवणची. पिठाचे हात तसेच ठेवून बाहेर आली.

"खयची ही?"

"कॉलेजची. मला दिली आहे चालवायला."

"तुकाच कशाक दिल्यानी?"

"टीममध्ये घेतलं मला."

ती सायकलभोवती एक फेरी मारून आली. "कोण कोणाक फुकट काय देणा नाय," एवढंच म्हणाली आणि परत पीठ मळायला बसली.

आईचं हे बोलणं मला नवीन नव्हतं. भाजीवाल्याने कोथिंबीर जास्त दिली तरी ती जुडी उलटून बघते. पण त्या दिवसापासून मीही बघायला लागलो.

सकाळी आम्ही मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी जमायचो. कॅप्टनने मला पहिली गोष्ट शिकवली ती पुढचं चाक काढायची. दगडांवरून कसं उतरायचं, कुठे ब्रेक दाबायचा, हे सगळं नंतर. आधी चाक. चाक धरून ठेवणारा खटका उघडायचा, सायकल उचलायची, चाक खाली पाडायचं, ब्रेकची चकती फटीत बरोबर बसवून परत लावायचं. रोज सराव संपला की तो म्हणायचा, "चल, एकदा काढून दाखव." मुलीला त्याने कधी काढायला लावलं नाही.

"तिला येतं का?" मी एकदा विचारलं.

"तिला काय करायचंय?" तो म्हणाला.

मग मला काय करायचंय, हे मी विचारलं नाही.

दुसरी गोष्ट. तो मला सतत स्वतःच्या मागे ठेवायचा. "माझ्या मागे राहा. जास्त मागे नको, पुढे पण नको." एकदा चढावर मला दम शिल्लक होता म्हणून मी त्याच्या बाजूने पुढे गेलो, तर ओरडला, "ए, ए! कुठे निघालास?" वर पोचल्यावर मुलगी हसत मला म्हणाली, "साहेबांना ओव्हरटेक? नोकरी जाईल तुझी."

तिसरी गोष्ट टायरची. रेसच्या आधी कॉलेजने एकच नवं टायर दिलं. ते कॅप्टनने स्वतःच्या सायकलला लावलं नाही, तिच्याही नाही. माझ्या पुढच्या चाकाला लावलं. मी थँक्यू म्हणालो आणि घरी येईपर्यंत त्या टायरच्या नव्या रबराचा वास घेत होतो. त्या रात्री झोपताना मात्र वाटलं, सगळ्यात हळू चालवतो मी, मग नवं टायर मला का? आईला सांगितलं असतं तर तिने लगेच काहीतरी ओळखलं असतं. म्हणून सांगितलं नाही.

मला एकच हवं होतं. रेस पूर्ण करायची. मी आजवर कुठल्याच स्पर्धेत नव्हतो, शाळेतल्या लिंबू-चमच्यातसुद्धा नाही. रेस पूर्ण करणाऱ्यांची नावं शेवटी माइकवर वाचतात असं कळलं होतं, आणि त्यात माझं नाव यावं असं मला फार वाटत होतं. हे कोणाला सांगायला लाज वाटायची.

रेस गोराईच्या पलीकडच्या माळावर होती, कॉलेजा-कॉलेजांमधली. बोरिवलीच्या धक्क्यावरून आम्ही सायकली घेऊन बोटीत चढलो. गर्दीत माझं पुढचं चाक एका कोळीण मावशीच्या रिकाम्या टोपलीवर गेलं.

"ए पोरा, चाक आवर तुजा! टोपली मोडलीस तर तुलाच डोक्यावर घेऊन जाईन बाजारात."

"घ्या मावशी," मुलगी म्हणाली, "कोण विकत घेतंय का बघा."

सगळे हसले. मीही हसलो. मग खाडी ओलांडेपर्यंत ती मुलगी मला नियम सांगत बसली. तोवर तिला वाटलं होतं, मला ते माहीत असतील. मला कोणी सांगितलेच नव्हते.

"तिघं उतरतात, पण वेळ दोघांचीच धरतात. ज्या कमी असतील त्या दोन. आणि बाहेरच्या कोणाची मदत घ्यायची नाही. काही मोडलं, फाटलं तर आपलं आपण करायचं. टीममधल्या टीममध्ये वस्तू दिली तर चालतं."

"कुठली वस्तू?"

"काहीही. पंप, ट्यूब." ती थांबली. "चाक."

मी कॅप्टनच्या सायकलकडे बघितलं. ती माझ्या सायकलला टेकून उभी होती. दोन्हींची चाकं सारखी, तेवढीच मोठी. लहान सायकलचं चाक त्याच्या सायकलला बसलं नसतं. त्या झकास सायकलवाल्या मुलाचंही बसलं नसतं. मी एकेक करून सगळं आठवत गेलो, चाक काढायचा सराव, त्याच्या मागे राहणं, नवं टायर. तरीही खात्री नव्हती. माणूस मनात एकदा घेतो, मग सगळंच तसं दिसायला लागतं. कॅप्टन बोटीच्या टोकाला उभा राहून कोणाशी तरी फोनवर बोलत होता. त्याने मागे वळून बघितलं, आधी सायकलींकडे, मग माझ्याकडे. निदान मला तरी तसंच दिसलं.

रेस तीन फेऱ्यांची. वाट माळावरून चढायची, कातळावरून उतरायची आणि किनाऱ्याजवळ, बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या बाजूने परत वर यायची. मुलगी सुरुवातीलाच पुढे निघून गेली. कॅप्टन तिच्या मागे, मी कॅप्टनच्या मागे. पहिल्या फेरीत मी रस्त्यापेक्षा त्याचं पुढचं चाकच जास्त बघत होतो. दगडावर ते आपटलं की मी मान वाकडी करून बघायचो, हवा आहे ना. त्याचं चाक नीट राहावं म्हणून इतकी काळजी त्याने स्वतःसुद्धा केली नसेल.

दुसऱ्या फेरीत कातळाच्या उतारावर ते फाटलं. आवाज झाला, तो घसरला, पडला नाही. टायरची बाजू बोटभर चिरली होती आणि आतली ट्यूब फाटून बाहेर लोंबत होती. मी पोचलो तोवर त्याने चाक काढून बाजूला टाकलंही होतं.

"काढ," तो म्हणाला.

मी सायकलवरून उतरलो नाही. चवडा टेकवून तसाच उभा राहिलो.

"मला याच्यासाठीच घेतलंस ना?"

"काय?"

"चाकासाठी."

"आत्ता? हे आत्ता विचारतोयस?" मागून दोघं धूळ उडवत गेले. "हो! मग? कोणीतरी लागतंच ना मागे. गेल्या वर्षी मी होतो कॅप्टनच्या मागे, मी पण दिलं. काढ यार, वाट लागलीय इथे!"

इतके दिवस मी घाबरत होतो ते त्याने एका श्वासात सांगून टाकलं. मला राग यायला हवा होता. पण तोवर मी उतरलो होतो आणि माझे हात खटक्याकडे गेले होते. इतक्या वेळा केलेलं काम, ते मला विचारायला थांबलंच नाही. चाक निघालं, त्याच्या सायकलला बसलं, त्याने दोन पेडल मारले. मग वळून खिशातली ट्यूब आणि छोटा पंप माझ्याकडे फेकला.

"उगाच बसवत बसू नकोस, टिकणार नाही. चालत ये. तुला काही घाई नाही."

हे शेवटचं वाक्य त्याने चांगल्या मनाने म्हटलं असेल. मला ते चाकापेक्षा जास्त लागलं.

मी वाटेच्या कडेला बसलो. चिरलेल्या टायरमध्ये नुसती नवी ट्यूब घातली तर ती चिरेतून फुगून बाहेर येते आणि फुटते. आमच्या वस्तीत भाड्याच्या सायकलींची टायरं कायम अशीच असायची. तिथे आतून जुन्या टायरचा तुकडा ठेवतात, त्याला गेटर म्हणतात. माळावर जुना टायर कुठून आणणार? मी खिसे बघितले. चप्पल असती तर तिचा तुकडा चालला असता, पण पायात बूट होते. मग हँडलला बांधलेला माझा रेसचा नंबर दिसला. जाड, सहजी न फाटणारा, पाण्याने न भिजणारा कागद. तो सोडवला, दातांनी आणि दगडाच्या धारेने अर्धा केला, एक तुकडा घडी घालून चिरेच्या आत बसवला, दुसरा वाऱ्याने उडून गेला. वर ट्यूब. हवा कमीच भरली. बराच वेळ गेला. किती जण पुढे गेले ते मोजायचं धाडस झालं नाही.

उरलेली दीड फेरी मी त्या चाकावर केली. उतारावर उतरून सायकल हातात घ्यायचो, चढावर चालवायचो, लोक बरोबर उलटं करतात. बोंबलांजवळ एक आजी म्हणाली, "सगले गेले रे, तू कुटं राहिलास?" मी म्हटलं, "येतोय, येतोय," जणू तिलाच उत्तर द्यायचं होतं.

शेवटच्या रेषेवर टेबल टाकून एक स्वयंसेवक बसला होता. त्याने माझ्या हँडलकडे बघितलं.

"नंबर कुठाय?"

"चाकात आहे."

"काय?"

"टायरच्या आत. गेटर म्हणून."

त्याला वाटलं मी मस्करी करतोय. "नंबर दिसल्याशिवाय नोंद नाही होणार, भाऊ." शेजारी मुलगी उभी होती, आधीच येऊन पाणी पीत होती. ती म्हणाली, "अहो, आमचाच आहे तो." तो ऐकेना. मग मी तिथेच खाली बसलो, हवा सोडली, टायर उघडलं आणि घामट, काळा झालेला तो तुकडा त्याच्या टेबलावर ठेवला. अर्धाच नंबर होता. त्याने तो उलटसुलट करून बघितला, उरलेला अर्धा मला तोंडी विचारला आणि लिहून घेतलं. नावं वाचली तेव्हा माझं बरंच शेवटी आलं. पण आलं. आमची टीम त्या दोघांच्या वेळेवर पुढच्या फेरीत गेली. त्यात माझा काही उपयोग झाला नव्हता, चाकाचा झाला होता.

परतीच्या बोटीत कॅप्टन खूश होता. त्याने माझ्या पाठीत थाप मारली. "पुढच्या रेसला पण असंच. तू माझ्या मागे."

मी मुलीला विचारलं, "गेल्या वर्षी हा मागे होता का कोणाच्या?"

"मला काय माहीत? गेल्या वर्षी मी टीममध्ये नव्हते."

म्हणजे ते खरं की खोटं, हेही कळायचा मार्ग नव्हता. मी कॅप्टनला म्हणालो, आणि या वेळी आवाज बऱ्यापैकी निघाला, "पुढच्या रेसआधी आपण तिघांची वेळ लावू. एकाच वाटेवर. जो शेवटी येईल त्याने मागे राहायचं. चाक त्याने द्यायचं."

"चालेल," कॅप्टन म्हणाला.

तो इतक्या पटकन म्हणाला की मला परत शंका आली. माझ्यापेक्षा तो कितीतरी वेगात चालवतो, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पण मुलगी मध्येच बोलली.

"चालेल काय चालेल? आज वेळ कोणाची कमी आहे? माझी. मग तू पण माझ्या मागे राहशील का?"

"तुझं चाक लहान आहे," तो म्हणाला.

"तेच विचारतेय. चाक लहान म्हणून मी सुटले, की वेगात आहे म्हणून?"

कॅप्टन हसला. "बघू," म्हणाला आणि फोन काढला.

या गोष्टीला दोन महिने होत आले, पुढची रेस आता जवळ आली आहे. तिघांची ती वेळ अजून लावलेली नाही. कधी परीक्षा असतात, कधी कॅप्टनच्या घरी पाहुणे असतात, एकदा पायथ्याच्या वाटेवर काम चालू होतं. कारणं खरीही असतील. मुलगी म्हणते, तो टाळतोय. मला ठामपणे तसं म्हणता येत नाही. सायकल अजून माझ्याकडेच आहे, आणि तिचं पुढचं चाक मी रोज खांद्यावरून वर नेतो. सोमवारी कॉलेजात कॅप्टनला गाठून वेळ लावायची तारीख मागणार आहे. मुलीला बरोबर येशील का विचारलं, तर म्हणाली, "येते. पण बोलायचं तू."