घोडीची शेपटी आणि हायड्रोजनचे बंध

१९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मी शहाद्याच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले. पुण्याला रसायनशास्त्र शिकून आलेली, आणि शाळेतली एकटीच बाई. सारंगखेड्याला घोड्यांची जत्रा भरते, तिथे त्या वर्षी शेतीचं प्रदर्शन होतं आणि आमच्या शाळेला त्यात एक टेबल मिळालं होतं. मी हेडमास्तरांना म्हटलं, "प्रथिनांची रचना मांडते."

"प्रथिनं म्हणजे डाळ," ते म्हणाले. "डाळ मांडा."

मी डाळ मांडली. शेजारी स्टोव्हवर किटली ठेवली, आणि घोड्याच्या शेपटीचा एक केस टांगून त्याच्या टोकाला लहानसं वजन बांधलं. केस हेही प्रथिनच. त्याचे रेणू म्हणजे लांब साखळ्या, आणि त्या स्प्रिंगसारखं वेटोळं घालून बसलेल्या असतात. वेटोळं टिकतं ते हायड्रोजनच्या बंधांमुळे. एका वेढ्यातला ऑक्सिजन शेजारच्या वेढ्यातल्या हायड्रोजनला धरून ठेवतो. एकेक पकड अगदी हलकी, पण अशा अगणित. वाफ लागली की पकड सैल होते, वजनाने वेटोळं उलगडतं आणि केस लांबतो. तो ताणलेलाच वाळवला, तर सरळ झालेल्या साखळ्या बाजूच्या साखळ्यांना नव्याने धरतात आणि केस लांबच राहतो.

लोक डाळ बघून पुढे जात होते. थांबला तो एक घोड्यांचा व्यापारी. त्याच्याकडे एक पांढरी घोडी होती. चाल सुरेख, पण शेपटी आखूड, म्हणून गिऱ्हाईक ठरत नव्हतं. त्याने केस लांबताना पाहिला, माझं सगळं बोलणं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पुरी शेपटीले कितली मोठी किटली लागी?"

मला वाटलं, गंमत करतोय. "भट्टीच लागेल," मी म्हटलं. त्याने नमस्कार केला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानामागे ती घोडी निवांत चारा खात उभी होती. शेपटी वाफाळत्या गोणपाटात गुंडाळलेली आणि खाली एक वीट लोंबत होती. संध्याकाळी शेपटी भुईला टेकली आणि तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याने घोडी पसंत करून नेली.

सकाळी त्याने तिला हौसेने तापीत आंघोळ घातली. शेपटी पुन्हा होती तेवढी झाली. घोडी बदलली, असं म्हणत तो तिला तशीच ओली घेऊन जत्रेच्या पंचांकडे आला. व्यापारी म्हणाला, घोडी तीच शे, शेपटीचं मास्तरीणबाईंना विचारा. मला बोलावणं आलं. माझ्यामागे हेडमास्तरही आले.

पंचांतले सर्वांत म्हातारे म्हणाले, "बाई, काल शेपटी भुईले लागत व्हती. आते कथी गई?"

"गेली नाही. वेटोळ्यात परत गेली."

"दखाडी द्या."

फळा नव्हता. शेजारी कडब्याची गोल गंजी होती. मी जमलेल्या माणसांना तिच्याभोवती वळसे घेत वर चढायला सांगितलं. प्रत्येक माणूस म्हणजे एक कडी, त्याचा एक हात पुढच्याच्या खांद्यावर, ही साखळी. दुसऱ्या हाताने उपरणं खाली सोडायचं आणि खालच्या वेढ्यातल्या माणसाने त्याचं टोक धरायचं, हा हायड्रोजनचा बंध.

"एका वेढाम्हा मानसं कितला?" पंचांनी विचारलं.

"तीन पूर्णांक सहा दशांश. केसाच्या वेढ्यात कड्या तेवढ्याच असतात."

पंचांनी बोटांवर मोजून पाहिलं. मग म्हणाले, "ते सहा दशांश कोन?"

हेडमास्तरांनी मला मदत म्हणून चार धरायला सुचवलं. मी नाही म्हटलं. शेवटी दर चौथ्या माणसाने जरा अंग चोरून उभं राहायचं ठरलं.

"आता वाफ आली. उपरणी सोडा." माणसं गंजीवरून उतरली, दोन लांब रांगा करून समोरासमोर उभी राहिली आणि त्यांनी एकमेकांचे मोकळे हात धरले. ही लांबलेली शेपटी, मी म्हटलं. पंचांना ते पटलं.

"आता पाणी." मी चहावाल्याला रांगांमधून पाठवलं. ज्याने त्याने हातात ग्लास घेतला, त्यामुळे समोरच्याचा हात सुटला. पाणी नेमकं हेच करतं, मी समजावलं. ते स्वतःच प्रत्येकाचा हात धरतं. मात्र खांद्यावरचे हात सुटत नाहीत. शिवाय केसात गंधकाचे पक्के टाके असतात, म्हणून साखळी आपली जुनी जागा विसरत नाही. आता सगळ्यांनी गंजीवर परत जायचं.

कोणी गेलं नाही. चहा गरम होता.

"मंग खरी शेपटी कोनती?" पंचांनी विचारलं. "कोरडी का ओली?"

पुण्यात मला हे कोणी विचारलं नव्हतं. "दोन्ही खऱ्या," मी म्हटलं. "कोण कोणाला धरून आहे, तेवढाच फरक."

पंचांनी आपसात बोलून निकाल दिला. घोडी तीच, व्यवहार कायम. पण जेवढी शेपटी कमी पडली, तेवढा गोंडा व्यापाऱ्याने द्यावा. व्यापाऱ्याने लगेच लाल लोकरीचा गोंडा आणून बांधला.

"लोकर भिजनी मंग?" शेतकऱ्याने विचारलं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. लोकरही प्रथिनच, हे मला सांगावं लागलं. गोंडा सोडला गेला. शेतकऱ्याच्या शेतात कापूस होता. कापूस प्रथिन आहे का, त्याने विचारलं. नाही, मी म्हटलं, आणि सुती गोंड्यावर समझोता झाला. हायड्रोजनचे बंध कापसातही असतात, पण ते मी त्या दिवशी बोलले नाही.

पुढे तो शेतकरी बाजाराच्या दिवशी त्याच घोडीवरून शहाद्याला यायचा. पावसात कधी समोर आला तर खाली उतरलेला असायचा, स्वतः भिजत मागून चालायचा, आणि छत्री घोडीच्या शेपटीवर, त्या सुती गोंड्यावर धरलेली असायची.