ज्याचा पत्रा त्यानं न्यावा

“गोठा तर धडधाकट उभा आहे. पडलंय काय?” सर्कलसाहेबांनी मला विचारलं. मी या गावचा तलाठी, ते माझे वरिष्ठ. वादळाच्या नुकसानीचा पंचनामा करायला आम्ही तिसगावकडच्या एका वस्तीवर आलो होतो. पंचनामा म्हणजे जागेवर जे दिसतं त्याची पंचांसमोर केलेली लेखी नोंद. न दिसणारं लिहिता येत नाही, आणि इथं काहीच दिसत नव्हतं.

मार्थाबाईंच्या गोठ्याचं छप्पर वादळात उडालं होतं, हे साऱ्या वस्तीनं पाहिलं होतं. पण साहेब येणार म्हणून बाईंनी अंगण झाडून सारवलं आणि चेमटलेले पत्रे भंगारवाल्याला देऊन टाकले.

“पावन्यापुढं पसारा बरा दिसतो व्हय, भाऊसाहेब?” त्या मलाच विचारू लागल्या.

मी कपाळाला हात लावला. “अहो, आम्ही पसाराच बघायला येतो!”

साहेब निघायच्या बेतात होते. मदत गेली तर बाईंना नवं छप्पर काही जमणार नव्हतं. मी वर पाहिलं. एक पत्रा लाल, एक गंजका, एकावर खताची जाहिरात.

“हे पत्रे कुणाचे?”

“वस्तीचे. गाय याली, वासरू भिजाया लागलं, म्हून ज्यानं त्यानं एकेक आनून टाकला.”

“मग ज्याचा त्यानं काढून न्यावा,” मी जमलेल्या माणसांना म्हणालो. “आत्ताच्या आत्ता!”

बाईंचा चेहरा उतरला. साहेब वैतागले, “हा काय तमाशा?”

“साहेब, बाईंच्या मालकीचं छप्पर किती उरलंय ते बघू. लिहायचं तेवढंच ना?”

वस्तीच्या ते बरोबर ध्यानात आलं. माणसं पकडी-हातोड्या घेऊन वर चढली. खताच्या जाहिरातीवर दोघांनी हक्क सांगितला, थोडी बाचाबाचीही झाली. बघता बघता गोठ्याला आभाळ दिसू लागलं. एक निळा पत्रा तेवढा राहिला. त्याला कुणी हात लावेना.

“हा बाईंचाच,” साहेब म्हणाले. “म्हणजे अंशतः नुकसान.”

झालं! अंशतः लिहिलं की मदतीचं घोंगडं भिजत पडणार. मी मनातल्या मनात त्या पत्र्याला शिव्या घातल्या.

तेवढ्यात बांधापलीकडून बाईंचे दीर योसेफराव आले. बांधाच्या वादापायी दोन्ही घरांत बोलणं बंद होतं. खाली बघत ते म्हणाले, “माझा हाय त्यो. रातचा टाकून गेल्तो.”

“तुमचा? मला सांगितलं न्हाई, भावजी!”

“सांगितलं असतं तर घेतला असता का?”

बाईंनी पदरानं डोळे पुसले. मलाही भरून आलं, पण हातात मोबाईल होता. सरकारी अ‍ॅप जुने फोटो घेत नाही, तिथंच काढलेला लागतो. निळा पत्राही खाली उतरल्यावर मी उघड्या गोठ्याचा फोटो काढला, पंचांनी सह्या केल्या, साहेबांनी निमूटपणे ‘पूर्ण नुकसान’ लिहिलं. मग सगळे पत्रे परत वर चढले. शिडी साहेबांनी धरली.

“भावजी, खिळा नीट मारा,” बाई खालून ओरडत होत्या, “तुमच्याच पत्र्याखाली गळत हुतं!”

यथावकाश मदत खात्यात जमा झाली. बाईंनी स्वतःचे पत्रे घातले, वस्तीचे परत केले. बांधाची तक्रार मात्र अजून माझ्या टेबलावर आहे. आता गोडी झालीच आहे तर मागे घ्या, असं मी सुचवून पाहिलं. दीर-भावजय एका सुरात म्हणाले, “ते येगळं, भाऊसाहेब!”

तलाठ्यानं पत्र्याचं बघावं, बांधाच्या नादी लागू नये.