विस्तव मागायला

चुडाव्याजवळच्या आमच्या गावात नदीचं पाणी शिरलं, तेव्हा सासूबाई देवापुढे बसल्या होत्या. "एवढी पूजा होऊ दे, मग उठते," म्हणाल्या. तेवढ्यात देवघराची भिंत खचली. त्या गेल्या, आणि देवही चिखलात गेले. त्यानंतर मी हात जोडले नाहीत. पायाशी बसलेलं माणूस ज्याला राखता आलं नाही, त्याच्याकडे मागायचं तरी काय? मला त्याचा रागच आला होता.

पाणी ओसरल्यावर तालुक्याहून डॉक्टर आले. आमचे हे शाळामास्तर, म्हणून डॉक्टरांचा मुक्काम शाळेतच होता. जाताना मला म्हणाले, "ताप-जुलाब आम्ही बघू. पण कोण जेवत नाही, कोण बोलत नाही, कोण नदीकाठी जाऊन बसतं, हे बायकांनाच कळतं. तेवढं बघत राहा." आता हे विचारायचं कसं? "बाई, तुझं मन बरं आहे का?" म्हटलं असतं, तर माझंच डोकं फिरलं म्हणाल्या असत्या. मग मी खापरात गोवरी घेऊन घरोघर विस्तव मागत फिरू लागले. काड्यापेटी वाचवायला सगळ्याच बाया शेजारून विस्तव आणत, त्यामुळे कुणाला वावगं वाटेना. जिथे चूल थंड, तिथे मी बसायची. कधी बोलायची, कधी नुसता लसूण सोलायची. जास्तच वाटलं तर डॉक्टरांना निरोप धाडायची.

ठकूबाई धनगरणीची चूल रोजच थंड. तिचा पोरगा पुरात जाळीच्या वाड्यात कोंडलेल्या मेंढ्या सोडवायला गेला, तो परत आलाच नाही. शेजारणीने दिलेली भाकरी तशीच पडून राही. डॉक्टरांचं औषध तिने कोनाड्यात ठेवून दिलं होतं. दिवस कलला की ती पाण्याच्या कडेला जाऊन उभी राही. एक दिवस ही बाई नदीत जाणार, अशी मला धास्ती होती. मी रोज विचारी, "ठकूबाई, विस्तव आहे का?" ती नाही म्हणून मान हलवी.

एके सकाळी पडक्या भिंतीची माती उकरताना सासूबाईंची जपमाळ हाती लागली. मी तिथेच बसले. चूल पेटवायचं सुचलं नाही, फेरीचंही भान राहिलं नाही. त्या गेल्यापासून पहिल्यांदाच रडू आलं. वर पाहिलं तर दारात ठकूबाई, हातातल्या खापरात धुमसती गोवरी.

"मास्तरीणबाई, आज इस्तू मागाया आला न्हाईत. चूल पेटवून कवाची वाट बघायलेय मी." मग माझ्या चुलीकडे पाहत म्हणाली, "रोज मागायच्या, अन् माझ्याकडं नसायचा. लय लाज वाटायची."

तिनेच माझी चूल पेटवली. मी भाकरी थापल्या. जेवताना तिने पोराचं नाव घेतलं आणि ती धाय मोकलून रडली. पण भाकरी खाल्ली. चुलीतल्या काडीने मी पणती लावून जपमाळेपुढे ठेवली.

कुणी याला योगायोग म्हणेल, म्हणू दे. देवाकडे मागणं मी सोडलं, तर त्याने मला दारोदार मागायला लावलं, आणि जिथे काहीच मिळायची आशा नव्हती तिथूनच दिलं. सासूबाई का गेल्या, याचं उत्तर अजून मिळालेलं नाही. तो प्रश्न आता मी त्याच्याच हवाली केला आहे.

घरात काड्यापेटी असते. तरी सकाळी खापर घेऊन मी ठकूबाईच्या दारी जाते. उशीर झाला तर ती रागावते.