पैलवान, जोगी आणि एक राहिलेला रकाना

दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवून त्यांची झुंज लावल्याशिवाय काही माणसांना अन्न गोड लागत नाही. सेकंदराव त्यांतलेच. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण गळ्यात कायम स्टॉपवॉच अडकवून फिरणाऱ्या माणसाला गल्ली दुसऱ्या नावाने कशाला हाक मारेल? चौकातल्या दोन न्हाव्यांपैकी चांगला कोण, हे ठरवायला त्यांनी एक गाल इकडे आणि एक गाल तिकडे करून घेतला होता म्हणतात. हे मी पाहिलेलं नाही, पण त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे.

दुकान जुन्या लॅपटॉपचं. कचेऱ्यांनी टाकून दिलेली यंत्रं आणायची, उघडायची, ब्लोअरने धूळ उडवायची, मेलेले भाग बदलायचे आणि पुन्हा माणसांत आणायची. खाली दुकान, वर घर. वरच्या घरात बायको, जिने उभी नोकरी वाचनालयात काढली आणि नुकतीच निवृत्त झाली. ‘शांतता राखा’ या पाटीखाली जन्म काढलेल्या बाईला आता मात्र बोलायचं होतं. पुस्तकं आवाजात वाचून ऐकवणारी एक कंपनी नवे वाचक शोधत होती. घरी बसून एक प्रकरण रेकॉर्ड करून पाठवायचं, आवडलं तर काम. तिने ही जाहिरात फ्रीजवर चिकटवली आणि येता-जाता तिच्याकडे अशी बघू लागली, की सेकंदरावांना त्या कागदाचा हेवा वाटू लागला.

बायकोला लॅपटॉप हवा म्हटल्यावर ते हरखले. योगायोगाने एकाच कचेरीतून आलेले दोन लॅपटॉप दुकानात पडून होते. वय एकच, प्रोसेसर एकाच घराण्यातले, पण स्वभाव अगदी उलटे. एकाचा प्रोसेसर चार कोअरचा, जड कामासाठी घडवलेला, विजेवर ताव मारणारा. दुसऱ्याचा दोनच कोअरचा, सडपातळ लॅपटॉपसाठी बनवलेला, थोडक्यात भागवणारा. सेकंदरावांनी तिथल्या तिथे बारसं उरकलं. पहिला पैलवान, दुसरा जोगी.

मग भिंतीवरच्या फळ्यावर रकाने आखले गेले. वेग, वीज, उष्णता, बॅटरी. दोघांना एकच लांबलचक व्हिडिओ लहान करायला दिला आणि प्लगमध्ये वीज मोजायचं मीटर लावलं. गल्लीत दोन पक्ष पडले. समोरचा शिंपी जोगीच्या बाजूने, औषधवाला पैलवानाच्या. गिऱ्हाईकं आपलं काम विसरून फळ्यापुढे उभी राहू लागली. पैलवानाने जोगीच्या निम्म्याहून कमी वेळात काम उरकलं, तेव्हा औषधवाल्याने स्वतःच्या पोराचं लग्न ठरल्यासारखे सगळ्यांना चहा पाजले. पण मीटर वेगळंच सांगत होतं. पैलवान काम करताना तिप्पट-सव्वातिप्पट वीज ओढत होता, म्हणजे लवकर उरकूनही त्याच कामाला त्याने जोगीपेक्षा दीडपट वीज खाल्ली होती. तापायचा इतका, की खालून हात लावला तर चटका बसेल. बॅटरीवर तर तो दुपारच्या आधीच मान टाकायचा, आणि जोगी संध्याकाळपर्यंत शांतपणे मांडी घालून बसलेला.

चारातले तीन रकाने जोगीचे. शिंप्याने कॉलर ताठ केली. सेकंदरावांनी मात्र पैलवान उचलला आणि वर नेला. शिंप्याने हा कुठला न्याय म्हणून जाब विचारला, तर म्हणाले की लॅपटॉप घरात प्लगलाच राहणार, बॅटरीचं काय लोणचं घालायचंय? खरं कारण ते सांगेनात, म्हणून मी सांगतो. त्यांना बायको फार आवडायची, आणि आवडत्या माणसाला हळू यंत्र देणं त्यांच्या जिवावर येत होतं. एवढ्यावर थांबले असते तरी ठीक होतं. पण प्रेमाच्या भरात त्यांनी पैलवानाला कायम पूर्ण वेगात पळायची सेटिंगही करून ठेवली.

बायकोने कपड्यांच्या कपाटासमोर गोधड्या टांगून स्टुडिओ केला आणि मन लावून प्रकरण वाचलं. पाठवलं. उत्तर आलं ते असं: आवाज फार आवडला, पण मागे सतत शिट्टीसारखा बारीक सूर आहे. या आठवड्याअखेर पुन्हा पाठवा, त्यानंतर नवे वाचक घेणं बंद होईल.

तिचा चेहरा एवढासा झाला. लॅपटॉपचाच आवाज येतोय, असं ती म्हणाली. सेकंदरावांनी पैलवानाला कान लावला. काही नाही. खुर्चीत बसून ऐकलं, उभ्याने ऐकलं. काही नाही. मग त्यांनी दोष फ्रीजला दिला आणि तो बंद केला, तर दूध नासलं. घड्याळ भिंतीवरून उतरवलं. माइक बदलला. शेवटी दोष कंपनीला दिला, की या लोकांना खोड काढल्याशिवाय पगार पचत नाही. प्रत्येक वेळी बायको नव्याने वाचायची, स्वतः ऐकायची आणि मान हलवायची. शिट्टी होतीच. आठवडा सरत आला, तशी तिने फ्रीजवरची जाहिरात काढून खणात ठेवली. ते सेकंदरावांना बघवलं नाही, आणि काही बघवलं नाही की ते हमखास भांडायचे. नसलेल्या आवाजावर तू एवढा विश्वास ठेवतेस आणि माझ्यावर नाही, असं ते बोलून गेले.

तिने खण लावून टाकला. तेव्हा त्यांनी आपलं नेहमीचं हत्यार काढलं. मोजायचं आणि तोंड बंद करायचं. फोनवर आवाज मोजणारं ॲप घेतलं, पैलवानाशेजारी धरलं आणि बायकोला दाखवायला वळले.

काटा वर उडाला होता.

फोन बिघडला असणार. त्यांनी दुकानातून दुसरा फोन आणला. काटा तिथेच. मग जोगी आणून लावला, काटा तळाला गेला. त्यांना राग आला. पैलवानाचं मागचं झाकण उघडून त्यांनी काडीने पंखा अडवला. काटा खाली. काडी काढली, काटा वर. पुन्हा अडवला, पुन्हा खाली. सेकंदरावांनी काडी काढून बाजूला ठेवली. त्यांनीच केलेल्या पूर्ण वेगाच्या सेटिंगने पंखा डोळ्यांसमोर गरगरत होता, काटा नाचत होता, आणि त्यांच्या कानांत दोन्ही वेळा सारखीच शांतता होती.

आता कुठे त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. फळ्यावर आवाजाचा रकाना आखायचं त्यांना सुचलंच नव्हतं. सुचणार कुठून? त्यांच्यापुरती दोघांची बरोबरी होती, शून्य आणि शून्य. वर्षानुवर्षं कानाशी ब्लोअर किंचाळवून धूळ उडवली, त्या धुळीबरोबर काय काय उडून गेलं होतं ते हे असं कळलं. त्यांना शरम वाटली, भीतीही वाटली. पण मोजलेली गोष्ट नाकारायची नाही, एवढा प्रामाणिकपणा त्या माणसात होता.

“शिट्टी आहे,” ते बायकोला म्हणाले. “मला ऐकू येत नाही, पण आहे.”

त्यांनी जोगी टेबलावर मांडला आणि स्वतः खाली जाऊन दुकानाचं शटर ओढलं, म्हणजे कुणी हाका मारायला नको. बायकोने त्याच दुपारी प्रकरण वाचलं. जोगीने फाइल तयार करायला इतका वेळ घेतला, की तेवढ्यात तिचे कपडे वाळत घालून झाले. पण फाइल गेली ती स्वच्छ गेली. चार दिवसांनी उत्तर आलं. काम मिळालं होतं. पहिल्याच झटक्यात एक जाडजूड कादंबरी वाचायची होती. बातमी शिंप्यापर्यंत पोचली, आणि या वेळचा चहा त्याच्याकडून झाला.

संध्याकाळी बायकोने दुकानातला सगळ्यात भारी हेडफोन मागून घेतला आणि सेकंदरावांच्या डोक्यावर चढवला. आवाज होता तेवढा मोठा केला. इतके दिवस तुम्ही नुसता पंखाच तपासताय, वाचलंय काय ते तरी ऐका, असं तिचं म्हणणं.

सेकंदरावांनी डोळे मिटले. एक बाई त्यांच्या कानाशी गोष्ट सांगत होती. आवाज खालच्या पट्टीतला, मऊ, कुठे घाई नाही. एखाद्या शब्दापाशी ती जरा रेंगाळायची, जणू समोरच्याचं हसू येऊन जाऊ द्यायची. हा आवाज ते ओळखत होते. लग्न नवीन असताना रात्रीची जेवणं झाल्यावर हा आवाज त्यांच्याशी दिवसभराचं बोलायचा. पुढे तो कधी गेला? घरातली बायको तर वरच्या पट्टीत बोलायची, एकेक शब्द तोडून, आणि वयाबरोबर तिचा स्वभाव चिडका होत चालला आहे असं ते मनोमन धरून बसले होते. क्वचित मेहुण्याकडे तक्रारही केली होती.

प्रकरण संपेपर्यंत ते हलले नाहीत. मग हेडफोन काढला आणि म्हणाले, “घरात असं का नाही बोलत तू माझ्याशी?”

ती हसली. खालच्या पट्टीत, अगदी सहज, काहीतरी म्हणाली. ओठ हललेले त्यांना दिसले. अशा वेळी ‘हो हो’ म्हणून जिना उतरायची त्यांची जुनी रीत होती. या वेळी ते जागचे उठले नाहीत.

“मला ऐकू नाही आलं,” ते म्हणाले. “परत सांग.”

बायको खुर्ची ओढून त्यांच्या अगदी जवळ बसली आणि कानाशी तोंड नेऊन म्हणाली, “अहो, कानाच्या डॉक्टरांची वेळ घेऊ का म्हणून तुम्हाला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा हो म्हणालात, आणि आलात कुठे?”