उस्तादांच्या लेथची ढील

वाशीमला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत उस्तादांचं वर्कशॉप होतं. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होतं. कापसाच्या जिनिंगच्या रोलरचे शाफ्ट, ऑइल इंजिनचे बुश, विहिरीवरच्या पंपांचे दांडे, आसपासच्या गावांतलं सगळं झिजलेलं लोखंड त्यांच्या दारात येऊन पडायचं. मॅट्रिक झाल्यावर मी अनसिंगहून तिथं आलो आणि त्यांच्या एकुलत्या एका लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातायच्या मशीनवर, चार वर्षं हात काळे केले.

त्या लेथला एक खोड होती. कापायचं टूल पुढं-मागं नेणाऱ्या आडव्या स्लाईडचं हँडल पुढं फिरवत आणलं आणि मग उलट फिरवायला घेतलं, की डायलवरच्या पहिल्या बारा रेघा नुसत्याच सरकायच्या. टूल जागचं हलायचं नाही. आतला स्क्रू झिजला होता. उस्ताद त्याला ढील म्हणत. गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता ते या बारा रेघा बेमालूम वाढवून घेत आणि काम चोख उतरवत. मीही ते शिकलो. इतकं शिकलो, की पुढं कुठल्याही मशीनपाशी गेलो तरी आधी तिची ढील मोजायचो. ढील नसलेलं मशीन असू शकतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

पुढं नागपूरकडच्या एका कारखान्यात मी लेथवरच हंगामी टर्नर म्हणून लागलो. सत्तरचं दशक संपत आलं होतं. तिथं फिरत्या कटरनं लोखंड तासणारं एक नवीन मिलिंग मशीन आलं, त्याला कागदी पट्टीवर चालणारं मशीन म्हणत. हँडलं फिरवणारा माणूसच नको. कटरनं कुठून कुठं जायचं ते सगळं आधी तक्त्यावर आकड्यांत लिहायचं, त्या आकड्यांप्रमाणे कागदाच्या पट्टीला भोकं पाडायची आणि पट्टी मशीनला खाऊ घालायची. हे तक्ते लिहायला शिकवण्यासाठी सहा जण निवडले, त्यात मी होतो. शेवटी प्रत्येकानं त्या मशीनवर एक लोखंडी प्लेट काढून दाखवायची आणि चौघांनाच ठेवायचं, असं ठरलेलं. बाकीचे पाच जण कायम होते, नापास झाले तर आपापल्या खात्यात परत जाणार. मला परत जायला खातंच नव्हतं. मी नापास झालो तर सरळ अनसिंग.

पहिले दोन महिने माझं डोकं चाललं नाही. वस्तूच्या नकाशावर तिची कड दिसते, पण तक्त्यात कड लिहायची नसते, कटरच्या मध्याचा रस्ता लिहायचा असतो. भिंतीला खांदा घासू द्यायचा नसेल तर भिंतीपासून अर्धं अंग लांबून चालावं लागतं, तसंच. हे एकदा कळल्यावर मला त्यात इतकी गोडी लागली, की जेवताना ताटाच्या कडेनंसुद्धा बोट अंतर राखून फिरायचं.

परीक्षेच्या प्लेटचा नकाशा हातात पडला आणि लगेच चार दिवसांची सुट्टी आली. तळहाताएवढी प्लेट, कडेला दोन पायऱ्या आणि एक तिरकी बाजू. मी तिचा तक्ता लिहिला आणि नकाशासकट थेट वाशीम गाठलं. बाकीचे पाच जण माझ्याहून जास्त शिकलेले होते, पण उस्ताद एकट्या माझ्याकडे होते, याची मला भारी घमेंड.

उस्तादांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. "मानूस नाई तं हँडल कोन फिरवते बे?"

"पट्टी फिरवते, उस्ताद. भोकं पाडेल कागदाची."

"अन् तू लिहेल आकडा चुकला तं?"

"तं मी घरी."

दुसऱ्या दिवशी शुक्रवार होता. नमाज पढून ते आले, दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, "लोखंडावर कायले? आधी कागदावर चालवून पाहू."

लेथचं टूल काढून त्या जागी त्यांनी पेन्सिल आवळली. तिच्याखाली फळी ठेवून तिच्यावर कोरा कागद चिकटवला. आडवी स्लाईड माझ्या हातात, तिच्यावरची दुसरी, लांबीकडं सरकणारी, त्यांच्या. तक्त्यातल्या मिलिमीटरच्या डायलवरच्या रेघा करून मी एकेक ओळ वाचायची आणि दोघांनी आपापलं हँडल तेवढं फिरवायचं. पायऱ्या सोप्या गेल्या. तिरक्या बाजूला दोघांनी एकदम फिरवणं आलं. "एक... दोन... तीन..." म्हणत आम्ही दोघं घामाघूम. मी पुढं गेलो की ते ओरडत, "घाई काहून करून राह्यला? मी बुढा मानूस हाये!"

चक्कर पुरी झाली. पेन्सिल निघाली होती तिथं परत पोचली नाही. जरासं अंतर राहिलं.

"बारा," उस्ताद म्हणाले. "तू उलट फिरला तेवा बारा घेतल्या नाई. आकडेच वाचत बसला."

खरंच होतं. तक्त्यात ढील धरलेलीच नव्हती. दुसऱ्या कागदावर मी उलट फिरायच्या जागी बारा रेघा वाढवल्या, आणि पेन्सिल सुरुवातीच्या ठिपक्यावर अशी येऊन टेकली, की आम्ही दोघंही लहान पोरांसारखे हसलो. बारा रेघा म्हणजे मिलिमीटरचे तीन दशांश. तेवढे मी तक्त्यात लिहून टाकले. उस्तादांनी तो कागद फळीवरून सोडवला आणि लेथच्या वरच्या खिळ्याला टांगला.

नागपूरला वर्गात सांगितलं होतं, की या मशीनच्या स्क्रूमध्ये पोलादी गोळ्या आहेत आणि त्यात ढील नसतेच. मी ते वहीत उतरवलंही होतं. पण माझ्या मनगटाला ते पटलं नव्हतं.

परीक्षेच्या दिवशी माझी पट्टी मशीनला लागली. कटर फिरला, पायऱ्या उतरल्या, तिरकी बाजू आरशासारखी निघाली. माझी छाती फुगली. मग शिकवणाऱ्या साहेबांनी प्लेट हातात घेतली आणि कडेवरून बोट फिरवलं. जिथून कटर निघाला आणि जिथं परत आला, तिथं नखाला लागेल एवढी पायरी उरली होती.

"हे तीन दशांश कुठून आणले?"

"मशीनच्या ढिलाईचे, साहेब."

"कोणत्या मशीनच्या?"

उस्तादांचं नाव माझ्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर त्यांच्यावर खापर फुटलं असतं, आणि मला त्याची लाज वाटली असती. लाज तशीही वाटतच होती. साहेबांनी माझा तक्ता शेवटपर्यंत पाहिला, बाकी सगळं बरोबर होतं. म्हणाले, "उद्या सकाळी एकदाच. मग नाही."

मी तीन दशांश खोडले आणि पट्टी नव्यानं पाडली. सकाळी दुसरी प्लेट निघाली, तिच्या कडेवरून नख सरसर फिरलं. चौघांत माझा नंबर शेवटचा, पण लागला.

चांगली प्लेट कारखान्यात जमा झाली. बिघडलेली मी मागून घेतली. उस्तादांना काहीतरी द्यावं असं फार वाटत होतं, आणि द्यायला माझ्याकडे तेवढंच होतं. मनात म्हटलं, म्हाताऱ्याला एवढंसं कुठं कळणार?

वाशीमला गेलो तेव्हा दुकानात एक जिनिंगवाले शेठजी शाफ्टसाठी बसले होते. मी उस्तादांच्या पाया पडलो आणि प्लेट त्यांच्या हातावर ठेवली. "पास झालो, उस्ताद. तुमच्यानं झालं."

त्यांनी चष्मा लावला नाही. प्लेट अंगठ्याखाली घेतली आणि कडेनं नख फिरवत नेलं. तिरकी बाजू झाली, पायऱ्या झाल्या, नख अडलं. ते तिथंच थांबले.

"बारा," ते म्हणाले.

त्यांनी प्लेटवरून नजर उचलून माझ्याकडे पाहिलं.

"त्या मशीनले ढील नोती?"

"नोती, उस्ताद."

"अन् हे पास केलं?"

"नाई. दुसरी काढाले लावली. ते पास झाली."

"मंग मले काहून नाई सांगितलं?"

ते उठले, खिळ्याचा कागद काढला, चार घड्या घालून खिशात ठेवला. आता प्लेटही भंगारात जाणार असं मला वाटलं. त्यांनी ती फडक्यानं पुसली आणि त्याच खिळ्याखाली भिंतीला ठोकलेल्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी उभी केली.

शेठजींनी विचारलं, "हे कोणाचं काम, उस्ताद?"

"काम याचं हाये," उस्ताद लेथकडे वळत म्हणाले. "चूक माही हाये."