हौदाजवळची रेघ

आमच्या गावात एक वाक्य फार लाडाने बोललं जातं. ‘आखाजीचं काय धरायचं!’ आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, लेकींनी माहेरी येण्याचा सण. माहेरी आलेल्या लेकीने झोक्यावर बसून सासूला चार शिव्या घातल्या, आखाजीचं काय धरायचं. पोरींनी बापाचं धोतर नेसून, मिशा काढून गावभर सोंग काढलं, आखाजीचं काय धरायचं. हे वाक्य म्हणणारा माणूस आपण फार उदार आहोत अशा थाटात म्हणतो. मला ते ऐकलं की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. का जाते ते सांगते.

गाव धुळ्याच्या दक्षिणेला, लळिंगच्या डोंगरांच्या अंगाला. गावामागच्या टेकडीवर देवीचं ठाणं आणि तिथून खाली गावापर्यंत डांबरी रस्ता. तो रस्ता झाला तेव्हापासून गावातल्या पोरांना दुसरं काही सुचेना. सगळे त्याला नुसतं ‘उतार’ म्हणत. ठाण्यापासून सायकल सोडायची. वडाच्या वळणापर्यंत हवे तेवढे पायडल मारा, वळणापासून पुढे पाय हलवायचा नाही. सायकल आपल्या वेगाने खाली येऊन गावातल्या सपाटीवर जिथपर्यंत जाईल आणि जिथे पाय जमिनीला लागेल, तिथे रेघ. घड्याळ कुणाकडे होतं? ज्याचा वेग जास्त त्याची सायकल लांब जाते, एवढं गणित सगळ्यांना कळत होतं.

रेघ मारायचे ते आबा. गावातली घरं आणि देऊळ चुन्याने रंगवायचं काम त्यांचं, म्हणून चुन्याचा डबा त्यांच्याकडे आणि न्यायही त्यांच्याकडेच. ब्रेक लावला की बाद, हा त्यांचा नियम. वर जाण्याआधी ब्रेकचे रबर काढून त्यांच्या हातात द्यावे लागत. ते रबर कुडत्याच्या खिशात टाकत आणि मगच पोरगा टेकडी चढे. एकदा त्यांच्या स्वतःच्या मुलाची चप्पल रस्त्याला घासल्याचा आवाज आला, तर त्यालाही त्यांनी बाद केलं होतं. आबांची रेघ म्हणजे रेघ, असं सगळं गाव म्हणे.

सगळ्यात लांबची रेघ होती निंबाच्या बुंध्याजवळ. माझ्या चुलतभावाची. तीन वर्षं ती कोणी मागे टाकली नव्हती. पाऊस पडून ती पुसट झाली की आबा दिवाळीला देवळाबरोबर तीही पुन्हा रंगवत. चुलतभाऊ त्या निंबाखाली असा उभा राही, जणू निंब त्यानेच लावला.

मला सायकल येत होती, कारण आमचा मळा टेकडीच्या खांद्यावर होता आणि सकाळचं दूध खाली आणायचं काम माझं होतं. वडिलांची काळी, जड सायकल, दोन्ही बाजूंना किटल्या. भरल्या किटल्या घेऊन, दूध न सांडता, तो उतार मी रोज उतरत होते. वडाच्या वळणावर बाहेरच्या कडेला वाळू साचते, हे पोरांना पडल्यावर कळे. मला ते रोजचंच होतं. रिकामी सायकल सोडली तर मी निंबाच्या पुढे जाईन, हे मला ठाऊक होतं. पण पोरी उतार खेळत नसत. कोणी मनाई केली नव्हती. मनाई करायची वेळच कधी आली नव्हती.

मग लग्न झालं. सासर जळगावजवळ, असोद्याकडे. केळीचे मळे, पाण्याचे पाट, आणि जमीन पोळपाटासारखी सपाट. सासरची माणसं वाईट नव्हती, पण सायकल म्हणजे बाप्यांची वस्तू. पहिल्या आखाजीला भाऊ मला घ्यायला आला, तेव्हा एसटीत बसल्यापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती.

आखाजीच्या दुपारी गडीमाणसं पिंपळाखाली पत्ते कुटत होती. पोरी झोक्यावर. आमचं सोंग निघालं. मी भावाची पॅन्ट चढवली, सदरा घातला, काजळाची मिशी काढली, वडिलांचा फेटा बांधला. सोंग फिरत फिरत निंबापाशी आलं. मी सायकल आणली, ब्रेकचे रबर काढले आणि आबांच्या हातात दिले. आबा हसले. हसत हसत त्यांनी ते खिशात टाकले. हे मी मुद्दाम सांगते. रबर त्यांनी घेतले होते.

मैत्रिणींनी मागून ढकलत सायकल वर नेली. ठाण्यापासून मी सोडली. खरं सांगायचं तर त्या उताराचं मला फार काही आठवत नाही. कानात वारा एवढा की पोरींच्या आरोळ्या ऐकू येईनात. वडाच्या वळणाला मी आतली कड धरली आणि पाय थांबवले. फेटा तिथेच उडाला, वेणी सुटली. हँडल इतकं थरथरत होतं की दात वाजत होते. मला भीती वाटली नाही. वर्षभर डोक्यावर पदर धरून मी हळू चालले होते, ते सगळं साल त्या उतारावर मागे पडत होतं. निंब आला. निंबाखाली चुलतभाऊ आला. तोही मागे गेला. गुरांना पाणी पाजायच्या हौदाशी सायकल डगमगली आणि माझा पाय टेकला. निंबाच्या पुढे दोन बैलगाड्या एकामागे एक उभ्या राहतील एवढं अंतर होतं.

पोरींनी कल्ला केला. पत्ते टाकून माणसंही आली. मी आबांकडे बघितलं. आबांच्या हातात डबा होता, कुंचला होता. त्यांनी माझ्या पायाकडे बघितलं, माझ्या मिशीकडे बघितलं आणि ते पुन्हा हसले.

“सोंग शे ते, आबा,” चुलतभाऊ म्हणाला.

“आखाजी शे, माय,” आबा मला म्हणाले. “आखाजीनं कोनी धरस का? जाय, झोका खेय.”

मला आधी वाटलं, गंमत करताहेत. मग त्यांनी डब्यावर झाकण बसवलं.

“पत्तासमा हारेल धरतस ना?” मी विचारलं. “मंग मन्हं कसाले नही?”

यावर सगळे खूप हसले. पण मी विनोद केला नव्हता. आखाजीला पत्त्यात पैसे हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी ‘सण होता, सोडून द्या’ म्हणाला तर त्याला कोणी सोडत नसे. सालगड्याचं वर्ष आखाजीपासूनच मोजायचे, एक दिवस इकडेतिकडे चालायचं नाही. पितरांची घागर त्याच दिवशी, आणि ती पितरांना पोचते यात कुणाला शंका नाही. सगळं धरलं जाई. धरायचं नव्हतं ते फक्त माझं.

वडील तिथेच होते. ते कौतुकाने बघत होते आणि त्या कौतुकाचाच मला जास्त राग आला. पाठीवर हात ठेवून म्हणाले, “व्हयनं ना मन भरीसन? चाल आते घर.” मी त्यांचा हात झटकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना निरोप पाठवला. आज आखाजी नाही, आज येते, डबा घेऊन या. आबा आले की नाही मला कळलं नाही, कारण सायकलच मिळाली नाही. भावाने ती गोठ्यात साखळीने बांधून किल्ली कमरेला लावली होती. मी वडिलांशी भांडले, तर ते म्हणाले, “आज आखाजी नही शे. कोनी देखं ते काय सांगू?”

म्हणजे बघा. आखाजीला चालेल, पण धरणार नाही. एरवी धरतील, पण चालणार नाही. हा पेच कोणी बसून विचार करून घातलेला नव्हता. तसा घातला असता तर निदान भांडायला एक माणूस सापडला असता. हा त्यांना आपोआप जमत होता, श्वास घ्यावा तसा.

आई भाकरी थापत होती. मी चुलीपाशी बसून रडले, तेव्हा तिने वर न बघता विचारलं, “त्या रेघले काय चाटशी का?” मी म्हणाले, “हो, चाटीन.” तिने पुढची भाकरी तव्यावर टाकली. तिसऱ्या दिवशी मी सासरी गेले.

त्यानंतर गावाला गेले की एसटीतून उतरल्यावर आधी निंब दिसे आणि निंबाखाली पांढरीशुभ्र रेघ. चुलतभावाची. दिवाळीला रंगवलेली. हौदापाशी गुरं पाणी पीत असत.

सात-आठ वर्षं गेली. गावात डिश अँटेना आली. एका रात्री म्हणे टीव्हीवर परदेशातला कोणी माणूस बर्फाच्या डोंगरावरून सायकलने सुसाट खाली येताना दाखवला. अंगाला चिकटलेला लाल पोशाख, डोक्यावर हंड्याएवढं शिरस्त्राण. त्याने जगातला कसला तरी विक्रम केला होता. चुलतभाऊ तोवर तरुण मंडळाचा अध्यक्ष झाला होता. त्याने ठरवलं की आपल्या उतारावर सव्वीस जानेवारीला स्पर्धा घ्यायची. जाड टायरच्या, गिअरच्या सायकली तेव्हा नुकत्याच धुळ्यात दिसू लागल्या होत्या. कापडदुकानदारांची, डॉक्टरांची पोरं त्या घेऊन गावात आली. मांडव पडला, लाऊडस्पीकर लागला.

मी योगायोगानेच माहेरी होते, भावाच्या नव्या घराची वास्तुशांत होती म्हणून. माझ्या मुलीचा हात धरून मी बायकांत बसले. गिअरच्या सायकली डौलात खाली येत. त्यांचे टायर घुं घुं आवाज करत आणि सपाटीवर आले की दमून जात. एकही निंबापर्यंत पोचली नाही. चुलतभावाचा चेहरा खुलत गेला. शेवटी त्याने माईक घेतला. “मित्रहो, या उताराचा विक्रम आजही अबाधित आहे.” आणि निंबाकडे हात केला. टाळ्या.

मी उभी राहिले. “इक्रम निंबपाशी नही शे, भाऊ. हौदपाशी शे.”

सगळे हसले. तेच जुनं, मायेचं हसू. माझ्याहून लहान एकाने समजूत काढल्यासारखं सांगितलं, “अक्का, ते आखाजीनं होतं ना.” माईकवरून चुलतभाऊ म्हणाला, “आमच्या भगिनींनाही आज संधी आहे. या, ताई, या.” टाळ्या वाजल्या. त्याला वाटलं मी लाजून खाली बसेन.

मी पदर खोचला. दुकानदाराच्या पोराची सायकल घेतली. ब्रेकचे रबर काढायला गेले तर त्याचा स्क्रू निराळाच होता, पाना बसेना. आबा जवळ आले. ते खूप म्हातारे झाले होते, पण डबा तोच. “ऱ्हाऊ दे, माय,” म्हणाले. “तुन्हासाठे चाली जाई.”

आज सव्वीस जानेवारी होती. आज आखाजी नव्हती. मी वर गेले.

यावेळचा उतार मला सगळा आठवतो. वजन वाढलेलं, लुगडं पायात येत होतं, हँडल अनोळखी. वडाचं वळण आलं तेव्हा मला कडेची वाळू दिसली. खाली मांडवाशी मुलगी उभी दिसली. आणि माझ्या हाताने ब्रेक दाबला. मी घाबरले, त्यात लपवायचं काय? करकर आवाज गावभर ऐकू गेला असणार. सायकल खाली आली ती मांडवाच्या खांबापाशीच थांबली. निंब अजून बराच पुढे होता.

ब्रेक लावला की बाद. हा नियम त्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होता.

आणि टाळ्या सुरू झाल्या. काय टाळ्या त्या! माणसं उभी राहिली. माईकवर “प्रथम महिला, प्रथम महिला” चाललं. कोणी नारळ आणला, कोणी खण आणला. चुलतभावाने स्वतः माझ्या मुलीला उचलून घेतलं. त्याला आनंदच झाला होता, खोटा नव्हे, खरा आनंद. मी निंबापर्यंत पोचले नव्हते ना. आबा वाकले, कुंचला डब्यात बुडवला आणि माझ्या पायाशी ठसठशीत पांढरी रेघ मारली. इतकी सरळ रेघ त्यांनी कुणाला मारली नसेल.

मी हौदापर्यंत गेले तेव्हा या माणसांना आखाजी आठवली होती. आज मी ब्रेक लावून खांबापाशीच थांबले, तर यांना नियम आठवत नव्हता. मी जिंकू शकत होते तेव्हा ते सोंग, आणि हरले तेव्हा विक्रम. नारळ मी खाली ठेवला, चप्पल काढली आणि पायाने ती रेघ पुसायला लागले. चुना ओला होता. तळवा पांढरा झाला, रस्त्यावर सगळीकडे फराटे उठले, टाळ्या हळूहळू थांबल्या.

आबांनी माझा दंड धरला. त्यांना खरोखरच कळत नव्हतं.

“आते कसाले पुसस, माय? आते ते मोजेल शे.”

“म्हनीसनच पुसस,” मी म्हणाले.